पाऱ्याची साक्ष

वैशाखातल्या संध्याकाळी व्याख्यानाला मंडळी जमू लागली, की पहिली दहा मिनिटे एकच प्रश्न खुर्च्याखुर्च्यांतून फिरत असतो. "आज किती होते हो?" काय किती, हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही. "एक्केचाळीस," असे उत्तर येते, विचारणारा "अबब!" म्हणतो आणि हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेऊ लागतो. याच गृहस्थाच्या घरी नातवंड तापाने फणफणले असेल, तर तेथे आकडा निघतो तो "एकशेदोन". एक्केचाळीस आणि एकशेदोन हे दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे मोजमाप सांगतात. पण ते एकमेकांशेजारी ठेवून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपण ठेवून पाहू. एक्केचाळीसला नवांनी गुणून पाचांनी भागावे आणि त्यांत बत्तीस मिळवावे, येतात १०५.८. म्हणजे ज्या वाऱ्यातून आपण सभामंडपापर्यंत आलो, तो वारा तापाने फणफणलेल्या पोरापेक्षाही अधिक तापलेला होता. हे ऐकून पुष्कळांना थोडे चमकल्यासारखे होते, आणि व्हावयासच हवे. कारण शरीराची उष्णता बाहेर टाकावयाची ती अशा वाऱ्यात टाकायची कशी, हा प्रश्न त्यातून निघतो. त्याकडे आपण शेवटी येऊ. आधी या आकड्यांची थोडी उलटतपासणी करू, कारण आकडा तापमापकाने सांगितला की आपण तो साक्षात वेदवाक्य मानतो.

तसे मानू नये, याचे एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरात रामदासपेठेतील स्वयंचलित हवामानकेंद्राने ५६ अंश सेल्सियस अशी नोंद केली. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ अंश दाखविले होते. देशभर बोलबाला झाला. वास्तविक भारतात विश्वसनीय म्हणून मानलेला उच्चांक ५१ अंशांचा, राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदलेला. तो एकाएकी पाच अंशांनी मोडला जावा आणि तोही नागपुरात, हे हवामानखात्याला पटले नाही. त्याच नागपुरातील इतर काही केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपास होता. तपासणी झाली. नागपूरचा आकडा यंत्रातील बिघाडामुळे आलेला ठरला, आणि मुंगेशपूरच्या यंत्राचे दाखविणे सुमारे तीन अंशांनी जास्त असल्याचे खात्याने जाहीर केले.

येथे एक साधा प्रश्न विचारता येतो आणि तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. ते यंत्र खोटे बोलत होते, हे कळले कशावरून? दुसऱ्या यंत्रावरून. मग दुसरे खरे बोलते हे कशावरून? तिसऱ्यावरून. हातभर कापड मोजावयाचे तर निदान हात डोळ्यांना दिसतो. गज गजाला लावून पाहता येतो. पण उष्णतामान डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा ही साखळी कोठेतरी एखाद्या पक्क्या खुंट्याला बांधलेली असली पाहिजे. गेल्या चारशे वर्षांतील उष्णतामापनाचा सारा इतिहास म्हणजे या खुंट्याचा शोध होय.

आपल्या कातडीला साक्षीला बोलवावे, तर ती पहिल्याच प्रश्नाला फुटते. ज्यांच्या घरी विहीर आहे किंवा होती त्यांना ठाऊक आहे, की विहिरीचे पाणी पौषात कोमट लागते आणि वैशाखात गार लागते. तापमापक सोडून पाहिला तर दोन्ही वेळी आकड्यांत फरक थोडाच पडतो. पाणी फारसे बदलत नाही. बदलते ती आपल्या भोवतालची हवा, आणि हात तिच्याशी तुलना करून निवाडा देतो. तीच गोष्ट पितळी तांब्याची आणि लाकडी पाटाची. हिवाळ्यात पहाटे दोन्ही एकाच खोलीत रात्रभर पडलेले असतात, दोघांचे उष्णतामान एकच असते; पण तांब्या हाताला झोंबतो आणि पाट झोंबत नाही. धातू हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि लाकूड घेत नाही, एवढेच त्याचे कारण. आजीने कपाळाला हाताची पाठ लावून "कसर आहे" किंवा "कणकण आहे" असे म्हणावे, यात अनुभव मोठा आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आजी नुकतीच थंड पाण्यात भांडी विसळून आली असेल, तर तिच्या निदानावर विसंबू नये.

आणखी एक घोटाळा येथेच निस्तरून टाकलेला बरा. उष्णता निराळी आणि उष्णतामान निराळे. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हातावर पडते. ती शेकडो अंश तापलेली असते, तरी चटका नाममात्र बसतो. उलट बंबातले पाणी पन्नास-साठ अंशांचेच असते, पण त्याची बादली अंगावर सांडली तर दवाखाना गाठावा लागतो. ठिणगीचे उष्णतामान जास्त, पण तिच्याजवळ उष्णता म्हणजे चिमूटभर. बंबाचे उष्णतामान कमी, पण उष्णतेचा साठा भला मोठा. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि टाकीतले एकूण पाणी यांत जो भेद, तोच हा. स्कॉटलंडमधील ग्लासगोचा जोसेफ ब्लॅक याने अठराव्या शतकाच्या मध्यावर हा भेद प्रथम नीट उलगडून दाखविला. वितळणाऱ्या बर्फाला आच देत राहिले तरी बर्फ संपेपर्यंत त्याचे उष्णतामान वाढत नाही, हे त्याने दाखविले. आपण जो खुंटा शोधीत आहोत त्याची पहिली चाहूल या बर्फातच आहे.

इटलीत सतराव्या शतकाच्या आरंभी गॅलिलिओ व त्याच्या समकालीनांनी काचेच्या फुग्यातील हवेच्या प्रसरणावर चालणारी उपकरणे वापरली. सान्तोरिओ नावाच्या वैद्याने त्यावर खुणा करून रोग्यांची उष्णता पाहिली. परंतु ही नळी तळाशी उघडी असे, त्यामुळे हवेचा दाब बदलला की उष्णता बदलली नसतानाही पातळी हलत असे. पुढे फ्लॉरेन्समध्ये, टस्कनीच्या दुसऱ्या फर्डिनांडच्या आश्रयाने, मद्यार्क भरून तोंड बंद केलेल्या नळ्या निघाल्या. त्या नळ्या सुबक होत्या, पण प्रत्येकीच्या खुणा स्वतंत्र. एका गावचा 'वीस' दुसऱ्या गावी काय होईल, याचा पत्ता नसे. न्यूटननेदेखील १७०१ साली जवसाच्या तेलाचा एक मापक वर्णन केला. त्यात वितळत्या बर्फाला शून्य आणि माणसाच्या अंगच्या उष्णतेला बारा असे आकडे होते. एवढ्या मोठ्या माणसाची मोजपट्टी, पण ती कोणी उचलली नाही.

जे मोठमोठ्या पंडितांना साधले नाही ते एका कारागिराला साधले. डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट याचा जन्म १६८६ साली डान्झिग येथे झाला. ते शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव गदान्स्क आहे. १७०१ साली विषारी अळिंबे खाण्यात येऊन त्याचे आईबाप एकदमच गेले. पालकांनी त्याला व्यापार शिकण्यासाठी ॲमस्टरडॅमला पाठविले. याचे लक्ष तराजूऐवजी काचेच्या नळ्यांत. पालक इतके वैतागले, की त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढविण्याचा हुकूम त्यांनी मिळविला. तो हुकूम अमलात आला असता, तर हा मनुष्य पूर्वेकडे कोठेतरी मिरी मोजीत बसला असता! १७०८ साली तो कोपनहेगनला ओले रोमर या ज्योतिषशास्त्रज्ञाकडे गेला. रोमरच्या मापकात पाणी गोठण्याचा आकडा साडेसात आणि अंगच्या उष्णतेचा साडेबावीस होता. साडेसाताचा हिशेब कारागिराला अडचणीचा. फॅरनहाइटने प्रत्येक अंशाचे चार भाग केले, पुढे आकडे थोडे सारखे करून घेतले, आणि ३२ व ९६ हे दोन बिंदू ठरविले. या दोहोंमध्ये ६४ घरे येतात; चौसष्टाचे अर्ध्यावर अर्धे करीत गेले की सहा वेळा निम्मे करून एकेक अंश हाती लागतो. पट्टीवर खुणा पाडणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार? बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला त्याने शून्य दिले. बत्तीस हा आकडा वेडगळ आहे असे म्हणून आपल्या शाळकरी वयात आपण सर्वांनी फॅरनहाइटला शिव्या दिल्या आहेत. आमच्या मते त्या परत घ्यावयास हरकत नाही.

त्याचे खरे कर्तृत्व या आकड्यांत नाही. १७१४ साली त्याने हाले येथील क्रिस्टियान वोल्फ या विद्वानाला दोन तापमापक दिले. वोल्फने ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तो दोन्ही अगदी एकसारखे बोलत होते. वोल्फला याचे एवढे नवल वाटले, की त्याने त्यावर एक लेख छापला. आज हे वाचून हसू येते; पण तोपर्यंत असे दोन साक्षीदार कोणाला भेटले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे हसू ओसरते. मद्यार्काच्या जागी पारा वापरून भरवशाचे तापमापक बनविण्याचे श्रेयही त्याचेच. पारा काचेला चिकटत नाही, फार शुद्ध करता येतो, आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर दूरपर्यंत द्रवरूपच राहतो.

स्वीडनमधील उप्साला येथील आंदेर्स सेल्सियस याने १७४२ साली शंभर अंशांची पट्टी मांडली. गंमत अशी, की त्याने उकळत्या पाण्याला शून्य आणि वितळत्या बर्फाला शंभर असे आकडे दिले होते. स्वीडनच्या हिवाळ्यात ऋणसंख्या लिहाव्या लागत नाहीत, एवढा त्याचा फायदा खरा. पण गरम होत गेले की आकडा उतरावा, हे मनाला रुचत नाही. १७४४ साली सेल्सियस क्षयाने वारला आणि लवकरच पट्टी उलटी, म्हणजे आपल्या दृष्टीने सुलटी, झाली. आपल्यापैकी वयस्कर मंडळी जिला 'सेंटिग्रेड' म्हणत आली, तिचे अधिकृत नाव १९४८ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने 'सेल्सियस' असे केले. तो शब्द अजून जिभेवरून जात नाही, ही निराळी गोष्ट.

मात्र सेल्सियसने एक गोष्ट फार काळजीपूर्वक नोंदली होती. वितळणाऱ्या बर्फाचे उष्णतामान हवेच्या दाबाबरोबर जवळजवळ बदलत नाही. उकळण्याचे मात्र बदलते. म्हणजे त्याच्या दोन खुंट्यांपैकी एक डळमळीत होता, आणि त्यासाठी हवेचा दाबही ठरवून द्यावा लागला. हे आपल्या अनुभवातले आहे, जरी आपण त्याकडे लक्ष देत नसलो. 'पाणी शंभर अंशांवर उकळते' हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक मुलाने परीक्षेत लिहिले आहे, आणि पुण्याच्या कोणत्याही स्वयंपाकघरात ते खरे नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वरी साडेपंचाण्णवच्या आसपास. तेथे डाळ शिजायला जो वेळ लागतो त्याचा दोष बिचाऱ्या डाळीला देऊ नये.

दोन टोके पक्की केली तरी मधले काय? ही अडचण टोकांपेक्षा अधिक खोल आहे. समजा, पाऱ्याची एक नळी, मद्यार्काची एक आणि पाण्याची एक, अशा तीन नळ्या घेतल्या. तिन्हींवर बर्फाची खूण शून्य आणि उकळत्या पाण्याची खूण शंभर अशी केली व मध्ये सारखे शंभर भाग पाडले. (मद्यार्क आणि पाणी उकळू नयेत म्हणून नळ्या दाबाखाली बंद केल्या आहेत असे धरू.) आता तिन्ही एकाच कोमट पाण्यात बुडवा. पारा पन्नास म्हणतो तेव्हा मद्यार्क चव्वेचाळीसच्या आसपास असतो, आणि पाण्याची नळी पंचवीस-सत्तावीसपर्यंतच पोचलेली असते. पाण्याची नळी तर आणखी लबाड. शून्यापासून चार अंशांपर्यंत पाणी तापविले असता फुगण्याऐवजी आकसते. म्हणजे आच लागताच ती प्रथम शून्याच्या खाली उतरेल! दोन्ही टोकांना तिघांचे एकमत, मध्ये तिघांची तीन तोंडे. खरा कोण? पाऱ्याची बाजू घ्यावी, तर पारा सारखा फुगतो हे ठरविण्यासाठी आधी खरे उष्णतामान कळलेले असावे लागते. आणि तेच तर आपण त्याला विचारीत आहोत.

फ्रान्समधील आमोंतों याने १७०२च्या सुमारास हवेच्या दाबाचे प्रयोग केले. हवा निववीत गेले की तिचा दाब ठराविक प्रमाणात घटत जातो. मग निववीतच गेलो तर एक वेळ अशी येईल की दाब उरणारच नाही. त्याच्या पलीकडे थंडी कसली? शून्य म्हणावयाचे तर याला म्हणावे, हा विचार त्यातून निघाला. निरनिराळे वायू या बाबतीत पाऱ्या-मद्यार्कासारखे भांडत नाहीत, बरेचसे एकमताने वागतात, हेही पुढे दिसून आले. परंतु 'बरेचसे' या शब्दावर समाधान न मानणारा मनुष्य १८४८ साली पुढे आला. तो विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन. वाफेच्या यंत्राला उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे उष्णता जाताना जास्तीत जास्त किती काम करता येईल, याचा सिद्धान्त फ्रान्सच्या कार्नोने मांडून ठेवला होता. ते काम यंत्रात वाफ आहे, हवा आहे की आणखी काही, यावर मुळीच अवलंबून नसते. दोन उष्णतामानांवरच अवलंबून असते. मग मोजपट्टी यावरूनच आखली तर? पारा नको, मद्यार्क नको, कोणाच्याही स्वभावाचा भरवसा नको. ही कल्पना आम्हाला या सगळ्या कथेतील सर्वांत देखणी वाटते.

या पट्टीचे शून्य आपल्या सेल्सियसच्या शून्याखाली २७३.१५ अंशांवर आहे. ते कोणाच्या सोयीने ठरलेले नसून निसर्गाचे स्वतःचे आहे. म्हणूनच 'दुप्पट उष्ण' हा शब्द फक्त याच पट्टीवर वापरता येतो. माघात सकाळी वीस अंश होते आणि आज चाळीस आहेत, म्हणजे आज दुप्पट उकाडा, असे कोणी म्हणू लागला तर त्याला थांबवावे. केल्व्हिनच्या पट्टीवर हे आकडे २९३ आणि ३१३ होतात. वाढ जेमतेम सात टक्क्यांची. फॅरनहाइटवर तेच ६८ आणि १०४. दुप्पट कोठेच नाही. असाच दुसरा घोटाळा फरकाचा होतो. उष्णतामानातील वाढ एका पट्टीवरून दुसरीवर न्यावयाची, तेव्हा बत्तीस मिळवावयाचे नसतात. ते शून्याच्या जागेतला फरक भरून काढण्यापुरते असतात, आणि वाढीला शून्याशी कर्तव्य नाही. २०१५च्या पॅरिस करारात पृथ्वीच्या सरासरी उष्णतामानातील वाढ दीड अंश सेल्सियसपर्यंत रोखण्याचे प्रयत्न करावयाचे ठरले. ती वाढ फॅरनहाइटमध्ये २.७ अंश होते. सवयीने बत्तीस मिळविणारा ३४.७ लिहून मोकळा होईल आणि जगबुडी ओढवून घेईल.

खुंटा मात्र आणखी एकदा हलवावा लागला. १९५४ साली बर्फ, पाणी आणि वाफ ही तिन्ही ज्या एकाच उष्णतामानाला व दाबाला एकत्र नांदतात, त्या बिंदूला २७३.१६ केल्व्हिन हा आकडा देऊन पट्टी पक्की केली. बंद काचपात्रात हा बिंदू साधता येतो आणि तेथे हवेच्या दाबाची कटकट उरत नाही. पुढे शुद्ध पाणी म्हणजे नेमके कोणते, हाही प्रश्न निघालाच. समुद्राच्या पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजनचे जड अणू आणि पावसाच्या पाण्यातले यांचे प्रमाण सारखे नसते. अखेर २० मे २०१९ पासून पाण्यालाही निरोप मिळाला आणि बोल्ट्झमानच्या स्थिरांकाचे मूल्य कायमचे नेमून देऊन केल्व्हिनची व्याख्या त्यावर बसविण्यात आली. अणुरेणूंच्या धावपळीतील ऊर्जा आणि उष्णतामान यांची सांगड घालणारा हा आकडा. तथापि व्यवहारात तपासणीसाठी ठराविक बिंदू लागतातच: गॅलियम २९.७६ अंशांवर वितळतो, चांदी ९६१.७८ अंशांवर गोठते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत देशाची ही मानके सांभाळली जातात. (गॅलियम धातूच, पण मे महिन्यात आपल्याकडे तो बाटलीत पाण्यासारखा डुचमळतो.) नागपूरच्या यंत्राला खोटे ठरविणारी साखळी मागे मागे जात अखेर येथे येऊन पोचते.

आता घरातल्या तापमापकाकडे वळू. 'अठ्ठ्याण्णव पॉइंट चार' हा आकडा आपल्या घराघरांत श्रुतीसारखा पाठ आहे. जुन्या इंग्रजी बनावटीच्या नळ्यांवर तेथे बाण असे. अमेरिकी पुस्तके ९८.६ म्हणतात. हे दशांश आले कोठून? लाइपझिगचा डॉक्टर वुंडरलिश याने सुमारे पंचवीस हजार रोग्यांच्या नोंदी जमवून १८६८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निरोगी माणसाचे सरासरी उष्णतामान ३७ अंश सेल्सियस असे सांगितले. हा ३७ मुळात पूर्णांकात सांगितलेला, ढोबळ. त्याचे फॅरनहाइट करताना ९८.६ झाले, आणि त्या दशांशामुळे ढोबळ आकड्याला नसलेली अचूकता चिकटली. वुंडरलिशचा तापमापक सुमारे फूटभर लांब असे आणि काखेत पंधरावीस मिनिटे धरावा लागे. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी माणसांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा सरासरी ३६.८, म्हणजे ९८.२ भरली. त्याच संशोधकांनी वुंडरलिशचा जपून ठेवलेला एक तापमापक तपासला, तो दीड-दोन अंश सेल्सियस जास्तच दाखवीत होता. पुन्हा तोच साक्षीदाराचा प्रश्न! शिवाय शरीराचे उष्णतामान पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असते. दिवसाकाठी अर्ध्या अंश सेल्सियसच्या आसपास फरक निरोगी माणसातही पडतो. तेव्हा संध्याकाळी ९९ दिसले म्हणून घरभर धावपळ करू नये, आणि पहाटे ९८.४ दिसले म्हणून ताप खास उतरला असेही समजू नये.

हवेच्या आकड्याचेही असेच. सिमला ऑफिस म्हणून जी इमारत पुण्यात सर्वांना ठाऊक आहे, तेथून किंवा कोणत्याही वेधशाळेतून 'एक्केचाळीस' येते ते सावलीतले. जमिनीपासून माणसाच्या छातीच्या सुमारास, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक टांगलेला असतो. ही पेटी स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहांच्या इंजिनियरने योजिली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा कादंबरीकार त्याचाच मुलगा. उन्हात तापमापक धरला तर तो हवेचे उष्णतामान सांगत नाही, स्वतः किती भाजला ते सांगतो. पण म्हणूनच उन्हात उभ्या असलेल्या माणसावर काय गुदरते, तेही पेटीतला आकडा सांगत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरील समारंभात हजारो लोक तासन् तास उन्हात बसले. उष्माघाताने १४ जण दगावले. जवळच्या केंद्रावर त्या दिवशीचे कमाल उष्णतामान सुमारे ३८ अंश होते. विदर्भातला माणूस या आकड्याला हसेल.

तो हसतो ते घामाच्या जोरावर. हवा आपल्याहून उष्ण झाली की शरीराला उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, घाम वाळविण्याचा. सुरुवातीचा प्रश्न येथे सुटतो. घाम किती वाळेल हे पाहण्यासाठी वेधशाळेत दुसरा एक तापमापक असतो. त्याच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळलेले असते. हवा कोरडी असेल तर मलमल भराभर वाळते आणि पारा खूप खाली उतरतो. नागपुरात ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना हा ओला पारा २४च्या आसपास राहतो. मुंबईत ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असताना तोच २९ दाखवितो. म्हणजे वर्तमानपत्रात ज्याचा मथळा होतो तो आकडा नागपूरचा, आणि घाम वाळू न देणारा आकडा मुंबईचा. ओला पारा ३५ला पोचला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली बसूनही फार तास तग धरू शकणार नाही. अलीकडच्या प्रयोगांत तर तरुण माणसांची सहनशक्ती याच्याही बरीच खाली संपताना दिसली आहे. हवामानखाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करते आणि किनाऱ्यावर ३७ पासूनच, यामागे किनाऱ्यावरची दमट हवा आहे. वर्तमानपत्रांनी सुक्या आकड्याशेजारी ओलाही छापावा, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

ज्यांना आपल्या घरची साक्ष तपासून पाहावयाची असेल त्यांनी प्रयोगशाळेतला, पट्टीवर शून्यापासून शंभराच्या वरपर्यंत जाणारा साधा तापमापक घ्यावा. बर्फ चांगला चुरून पेल्यात भरावा, त्यात थोडेसे थंड पाणी घालावे, ढवळून तापमापक पाच मिनिटे त्यात राहू द्यावा. शून्य दिसले पाहिजे. एक अंश इकडेतिकडे असेल तर तेवढी चूक कागदावर लिहून नळीला बांधून ठेवावी. मग उकळत्या पाण्यात, तळाला टेकू न देता, धरावा. पुणेकराने ९८ दिसले तर यंत्र फिरवून परत करू नये. ताप पाहण्याच्या नळीवर मात्र हा प्रयोग कदापि करू नये. तिची पट्टी सुमारे ९४ ते १०८ अंश फॅरनहाइट एवढीच. कढत पाण्याने ती तडकते, आणि जमिनीवर सांडलेला पारा गोळा करणे हे पोरांना मौजेचे वाटले तरी त्याची वाफ विषारी असते. तो उघड्या हाताने वेचू नये, झाडूने तर मुळीच लोटू नये. खिडक्या उघडून, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र करून बाटलीत बंद करावेत.